घरचे पीठ, बाहेरची भट्टी

सुरतेचे नाव घेतले की आपल्याला 1664 साल आठवते. महाराजांनी सुरतेहून काय आणले ते आपण शाळेत शिकलो. पण पुढे त्याच सुरतेकडून गाजावाजा न करता एक वस्तू आपल्याकडे आली आणि आपल्या फडताळात कायमची बसली. ती वस्तू म्हणजे नानकटाई. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथल्या घरांतून दिवाळीला आणि मे महिन्याच्या सुट्टीत डबे भरभरून जी नानकटाई होत असे, तिची ही हकीकत आहे. विषय खाण्याचा आहे म्हणून तो हलका समजू नये. साध्या बिस्किटापायी ह्या महाराष्ट्रात थोरामोठ्यांना प्रायश्चित्ते घ्यावी लागली आहेत.

आधी नावाचे पाहू. नान म्हणजे रोटी. हा शब्द फारसी आहे, ह्याविषयी वाद नाही. खताई ह्या दुसऱ्या शब्दाविषयी मात्र दोन मते आहेत. कोणी म्हणतात, खता हे उत्तर चीनचे जुने नाव, तेव्हा ही चीनकडची रोटी. कोणी म्हणतात, तिच्यात सहा जिन्नस पडत म्हणून हे नाव. मला पहिले मत अधिक पटते; दुसरे पाककृतीवरून मागाहून रचल्यासारखे दिसते. सुरतेची परंपरा मात्र स्पष्ट आहे. तेथल्या डच व्यापाऱ्यांची पावाची भट्टी होती. डच गेल्यावर ती फरामजी पेस्तनजी दोटीवाला ह्या पारशी गृहस्थांकडे आली. डचांचा पाव ताडीने फुगवलेला. तो गावातले लोक खाईनात, म्हणून ताडी आणि अंडे दोन्ही वगळून गिऱ्हाइकाला चालेल असे जिन्नस करण्याकडे ते वळले, आणि त्यांतूनच नानकटाई निघाली, असे दोटीवाला घराण्यात सांगतात.

गिऱ्हाइकाला चालेल असे! सगळी मेख ह्या दोन शब्दांत आहे. आपल्या ठाण्याला पाव काही नवा नव्हता. सोळाव्या शतकापासून 1737 पर्यंत ठाणे आणि साष्टी पोर्तुगीजांकडे होती, आणि पाव हा शब्दच मुळी पोर्तुगीजांचा. दोनशे वर्षे शेजारी पाव भाजला जात होता, पण हिंदू घरांत तो शिरला नाही. वसई-साष्टीकडे एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, की पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला, नकळत ते पाणी प्यायलेले सारे गाव बाटले. ह्यात इतिहास किती हा प्रश्न निराळा. पण पावाच्या तुकड्याने धर्म जातो ही समजूत किती खोल रुतली होती, ते ह्या गोष्टीवरून दिसते.

ही समजूत मोडायची म्हणून मुंबईत 1849 साली परमहंस सभा निघाली. सभासद होणाऱ्याला जातीबाहेरच्या माणसाने केलेला पाव खावा लागे. शपथ, वर्गणी ह्यांपेक्षा कठीण परीक्षा होती ती. सभा गुप्त होती. 1860 च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी फुटली आणि सभा बसली. जातिभेद मोडायला निघालेली माणसे नावे बाहेर येताच पांगली. त्यांना आज हसणे सोपे आहे. पण बहिष्कार म्हणजे मुलीचे लग्न अडणे आणि घरच्या मर्तिकाला खांदा न मिळणे, हे ध्यानात घेऊन मग हसावे.

त्यानंतर तीस वर्षांनी, 1890 साली, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कोणी घोटभर घेतला, कोणी नुसताच पेला पुढे ओढला. गोपाळराव जोशी ह्या खोडकर गृहस्थांनी हजर असलेल्यांची नावे वृत्तपत्रात छापून आणली आणि मोठे ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांचे बोल खाल्ले. आज आपण ज्या परंपरेमुळे येथे बसलो आहोत, ती वसंत व्याख्यानमाला 1875 साली पुण्यात सुरू करणारे रानडे ते हेच.

आता विचार करा. 1890 साली बिस्किट म्हणजे ग्रामण्य, आणि साठ-सत्तर वर्षांत डोंबिवलीच्या चाळीतल्या सोवळ्या सासूबाई नातवंडांना दुधाबरोबर नानकटाई देतात. हे कसे घडले? व्याख्यानांनी घडले असे म्हणावयास मला आवडले असते. माझ्या मते ते अधिक नानकटाईच्या पाककृतीनेच घडले.

ती कृती पाहा. दोन वाट्या मैदा, एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, हवा तर थोडा रवा किंवा बेसन, चिमूटभर सोडा, वेलदोडा नाहीतर जायफळ. परातीत तूप तळहाताने पांढरे, हलके होईपर्यंत फेसावयाचे, साखर घालून पुन्हा फेसावयाचे, मग मैदा मिसळून लाट्या करावयाच्या. ह्यात अंडे नाही, ताडी नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे पाण्याचा थेंब नाही. पाण्यात शिजवलेले ते खरकटे, तुपातले ते निर्लेप, हा आपल्या स्वयंपाकघराचा जुना कायदा. पाव ह्या कायद्यात बसत नव्हता, नानकटाई बसली. पाणी नसल्याने ती टिकतेही पुष्कळ. तूप पिठाच्या कणाकणाला वेढून बसते, म्हणून पिठाला चिवटपणा येत नाही आणि नानकटाई तोंडात घालताच विरते. शास्त्र आणि सोवळे ह्यांचे असे एकमत क्वचितच पाहावयास मिळते.

अडचण एकच होती. मराठी स्वयंपाकघरात चूल होती, शेगडी होती, पुढे स्टोव्ह आला. पण चहूंकडून सारखी आच देणारी भट्टी नव्हती. भट्टी होती बेकरीत, आणि बेकरी बहुधा इराण्याची, मुसलमानाची किंवा ख्रिस्ती माणसाची. तेव्हा एक तडजोड निघाली. पीठ, तूप, साखर घरची. कोठे मळणेही घरचे. भट्टी तेवढी बाहेरची. बेकरीत पावाचे घाणे रात्री आणि पहाटे निघतात. दुपारी भट्टीत लाकडे पेटलेली नसतात, पण दगड-विटांनी ऊब धरून ठेवलेली असते. नानकटाईला नेमकी तीच मंद आच लागते. जास्त झाली तर बूड करपते आणि पोट कच्चे राहते. त्या रिकाम्या वेळेत बेकरीवाले घरगुती घाणे घेत आणि किलोमागे भाजणावळ लावीत. काळ्या पत्र्यांवर लाट्या मांडल्या जात, लांब दांड्याच्या फळीने ते पत्रे आत सरकत, आणि नावाची चिठ्ठी चिकटवलेले डबे बाहेर ओळीने लागत. आपला घाणा दुसऱ्याच्या डब्यात जाऊ नये म्हणून घरची पोरे तेथे राखणीला बसत. त्या राखणीत किती नानकटाई वाटेतच संपे, त्याची नोंद कोठल्याही दप्तरात सापडणार नाही.

ही रीत मुंबई-पुण्यातही होती. आपल्याकडेच उगवली असा दावा मी करीत नाही. पण आपल्या पट्ट्यात तिला चांगली जमीन मिळाली. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गाडी आली, पुढच्या वर्षी ती कल्याणास पोचली, आणि कालांतराने गिरगाव-दादरच्या जागा अपुऱ्या पडल्यावर कारकून, शिक्षक, टपाल आणि रेल्वेतले नोकरदार ह्या मार्गावर वस्तीस आले. घरात माणसे पुष्कळ, पगार बेताचा. विकतचे बिस्किट आजाऱ्यासाठी किंवा पाहुण्यासाठी. साजूक तुपाची नानकटाई ह्या मंडळींना परवडली नसती. तेथे 1937 साली बाजारात आलेला डालडा कामास आला. जाणकार त्याला नाके मुरडीत, आणि चवीच्या बाबतीत ते खरेच बोलत. पण पिवळ्या डब्यातल्या त्या वनस्पती तुपावाचून नानकटाई चाळीपर्यंत पोचली नसती.

साखरेची कथा ह्याहून अवघड. मुंबईत 1943 साली शिधावाटप सुरू झाले आणि शिधापत्रिका हा संसाराचा दस्तऐवज होऊन बसला. 1965-66 च्या टंचाईत तर शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ जेवण सोडण्याचे आवाहन केले होते. अशा दिवसांत एक वाटी तुपाला एक वाटी साखर घालावयाची, म्हणजे आठवडे आधीपासून चहात हात आखडता घ्यावा लागे. दिवाळीच्या डब्यातल्या नानकटाईत घरातल्या बायकांनी सोडलेला चहा असे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

भट्टीशी संबंध मात्र वाढत गेला. जो हात लागला तर एके काळी प्रायश्चित्त, त्याच हाताकडे बाई विश्वासाने डबा सोपवीत आणि आच किती द्यावी ह्यावर त्याच्याशी वाद घालीत. एकमेकांच्या घरी जेवावयास गेल्याची उदाहरणे थोडीच असतील. भट्टी भिंतीपलीकडेच राहिली, हेही खरेच आहे. तरी परमहंस सभेला गुप्तपणे जे साधले नाही, त्यातले थोडेसे ह्या डब्यांनी भर दुपारी रस्त्यावर करून दाखवले.

पुढे घरात गॅस आला. कोणी कुकरमध्ये वाळू तापवून नानकटाई भाजू लागल्या, कोणी विजेचा गोल अॅल्युमिनियमचा ओव्हन घेतला. बेकरीसमोरची रांग तुटत गेली. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणामुळे मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सहा महिन्यांची मुदत दिली. धूर ज्यांच्या खिडकीत जातो त्यांची बाजू न्याय्य आहे. त्यात रडण्यासारखे काही नाही. पण दुपारची ती फुकट ऊब गॅसच्या भट्टीत मिळणार नाही. तेथे मिनिटामिनिटाला वायूचे पैसे पडतात.

आज ठाण्यात आणि डोंबिवलीत कितीतरी भगिनी घरच्या ओव्हनमध्ये नानकटाई आणि नाचणीची, ओटची बिस्किटे भाजून मागणीप्रमाणे विकतात. त्यासाठी अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. चॉकलेट चालते, चीज चालते, नावे तर सारी परदेशी. आणि फोनवरून मागणी नोंदवणारे गिऱ्हाईक भाव विचारण्याच्याही आधी विचारते, “ताई, ह्यात अंडे नाही ना?”