शरणपूरचे धर्मसेवक

मिशनांचा इतिहास म्हणजे युरोपीय पाद्र्यांची चरित्रे, असा समज रूढ आहे. नाशिकजवळील शरणपूरची हकीकत तो खोडून काढते. अँग्लिकन पंथाच्या या लहानशा वसाहतीत रेव्हरंड प्राइस यांच्या देखरेखीखाली गुलामगिरीतून सोडविलेली आफ्रिकी मुले शिकली. त्यांपैकी जेकब वेनराइट याने, पाळकपदाची दीक्षा नसतांही, १८७३ साली मध्य आफ्रिकेत लिव्हिंग्स्टनच्या हृदयाचे दफन होताना प्रार्थना वाचली. विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर हे पूर्व आफ्रिकेत आधी शिक्षक व उपदेशक होते. १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी त्यांना डीकनपद दिले. ज्या मंडळीचा भार असे अदीक्षित गृहस्थ वाहतात, तिचा इतिहास त्यांच्या नावांवाचून अपुराच राहतो, असे आम्हांस वाटते.