सर्पगंधा आणि मोठेबाबा

परवा सिंदेवाहीला गेलो होतो. एका ओळखीच्या घराच्या परसात सर्पगंधेचं झुडूप दिसलं. हातभर उंची, लालसर देठांची पांढरी फुलं. पाहिलं आणि मोठेबाबा आठवले.

१९७८ च्या पावसाळ्यात रोवणी चालू असताना मोठेबाबांनी बोलणं टाकलं. माणूस एरवी गप्पिष्ट, पण बांधीवर जाईना, ताटावर बसून नुसते रडत. 'बाहेरचं हाय,' असं मोठीआई म्हणाली. पुजाऱ्याकडे नेऊन झालं, उतारे झाले. शेवटी एका डॉक्टरांनी त्यांची बीपीची गोळी पाहिली आणि बदलून दिली. दीडेक महिन्यात मोठेबाबा पुन्हा गप्पा मारू लागले. त्या गोळीत होतं रेसरपिन, सर्पगंधेच्या मुळीतलं द्रव्य!

या मुळीची गोष्ट मुंबईहून जगभर गेली. आयुर्वेदात ती जुनीच. पण १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे तिचे परिणाम 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले, आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. न्यूयॉर्कजवळच्या इस्पितळात डॉ. नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिलं. १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकील आणि क्लाइन दोघेही होते.

खरी गंमत पुढे आहे. १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रोडी, शोअर आणि प्लेचर यांना दिसलं की रेसरपिन दिलं की प्राण्यांच्या शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. मज्जापेशीत सेरोटोनिन लहान पिशव्यांत भरून ठेवलेलं असतं. ते भरणारा पंपच रेसरपिन बंद पाडतं. मग बाहेर राहिलेलं सेरोटोनिन पेशीतच मोडून जातं. इकडे रक्तदाबाचे काही रुग्ण खिन्न झाल्याचे अहवाल येत होते. दोन्ही गोष्टी जोडून विचार पुढे आला: सेरोटोनिनसारखी द्रव्यं कमी, म्हणून मन उदास.

त्यातून औषधांची दिशा ठरली. सेरोटोनिन पेशीवरच्या ज्या कुलपांत बसतं त्यांना रिसेप्टर म्हणतात. १९५७ मध्ये गॅडम आणि पिकारेली यांनी गिनीपिगच्या आतड्यावर दाखवलं की ही कुलपं एकाच जातीची नाहीत. आज त्यांचे १४ प्रकार माहीत आहेत. १९८६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं चिंतेवरचं बुस्पिरोन त्यातल्या एकावर, ५-एचटी१ए वर, अर्धवट किल्लीसारखं काम करतं. १९८७ मध्ये मान्यता मिळालेलं फ्लुओक्सेटिन मात्र कुलपाला हात न लावता सेरोटोनिन परत शोषलं जाणं थांबवतं.

आता एवढी कथा ऐकली की वाटतं, मोठेबाबांचा उलगडा झाला. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण त्याच १९५५ साली लंडनमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त, उदास रुग्णांना रेसरपिन देऊन पाहिलं, तर त्यांना बरं वाटलं! आणि २०२२ मध्ये जोआना मॉन्क्रीफ आणि सहकाऱ्यांनी सगळा पुरावा एकत्र तपासून सांगितलं की उदासीमागे सेरोटोनिनची कमतरता असते याला ठोस आधार नाही. यावर वाद आहेत. शिवाय औषधांचा उपयोग होतो की नाही हा प्रश्न वेगळा; कुणी हे वाचून आपली गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं.

मग मोठेबाबांना काय झालं होतं? गोळी बदलली, तेव्हाच रोवणीही संपली होती, धाकटा मुलगा सुट्टीवर घरी आला होता. कशाने काय झालं हे एका माणसावरून कोण सांगणार? मोठीआईने कारण शोधलं, आम्ही शोधलं, शास्त्रज्ञांनीही शोधलं. फरक एवढाच की शास्त्रज्ञांचं उत्तर पुन्हा तपासायला कुणीतरी बसलं.

आणि गोळीची चिठ्ठी वाचणारा तो डॉक्टर. कारण बरोबर असो वा नसो, 'काय घेता तुम्ही?' हे मोठेबाबांना त्याने एकट्याने विचारलं होतं.

झुडपाला हात न लावता परत आलो.