मोटारगाडीतील यूएसबी जोडणी : उगम, विकास आणि बिघाडांची कारणमीमांसा (इ.स. १९९६ ते २०२४) – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
भ्रमणध्वनी मोटारगाडीला यूएसबी केबलने जोडणे ही आज नित्याची बाब झाली आहे. मात्र ही जोडणी वारंवार तुटते, भ्रमणध्वनी चार्ज होतो पण पडद्यावर दिसत नाही, अथवा दिसतो आणि मध्येच नाहीसा होतो. या बिघाडांकडे बहुधा वापरकर्त्याची चूक किंवा हलक्या प्रतीची केबल एवढ्याच दृष्टीने पाहिले जाते. प्रस्तुत शोधनिबंधात या बिघाडांची मुळे यूएसबी मानकाच्या आणि मोटार उद्योगाच्या इतिहासात शोधण्यात आली आहेत.

बीजसंज्ञा : यूएसबी, मोटारगाडी, भ्रमणध्वनी, मानकीकरण, तंत्रज्ञानाचा इतिहास.

प्रस्तावना :
तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना शोध, संशोधक आणि यश यांवर भर दिला जातो. बिघाड आणि दुरुस्ती यांचा इतिहास मात्र उपेक्षित राहतो. वस्तुतः एखादे साधन कोणत्या कारणासाठी निर्माण झाले आणि प्रत्यक्षात ते कोठे वापरले गेले, यांतील अंतर बिघाडातूनच स्पष्ट होते. मोटारगाडीतील यूएसबी जोडणी हे याचे बोलके उदाहरण होय. टेबलावरील संगणकासाठी तयार झालेले हे साधन धक्के, धूळ आणि उष्णता यांनी भरलेल्या वाहनात आले. महाराष्ट्रातील शहरांत ॲपवर आधारित टॅक्सी सेवा रुजल्यानंतर या प्रश्नाला उपजीविकेचा संदर्भही प्राप्त झाला. ज्या चालकाचे भाडे, रस्ता आणि हिशेब हे सर्व भ्रमणध्वनीवर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने जोडणी तुटणे म्हणजे केवळ गाणे थांबणे नव्हे. त्यामुळे या विषयाचा अभ्यास आवश्यक ठरतो.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) मोटारगाडीतील यूएसबी जोडणीच्या विकासाचे टप्पे अभ्यासणे.
२) जोडणी बेभरवशाची होण्यामागील ऐतिहासिक व तांत्रिक कारणांचा शोध घेणे.
३) बिघाड शोधण्याच्या प्रचलित पद्धतीमागील तर्क स्पष्ट करणे.

गृहीतक :
मोटारगाडीतील यूएसबी जोडणीचे बिघाड हे प्रामुख्याने वापरकर्त्याच्या निष्काळजीपणाचे फलित नसून, वेगवेगळ्या हेतूंनी व वेगवेगळ्या काळात घेतलेल्या निर्णयांचा तो एकत्रित परिणाम आहे.

संशोधन पद्धती :
प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून प्रकाशित तांत्रिक मानके, उत्पादकांच्या जाहीर घोषणा आणि कायदेविषयक तरतुदी यांचा आधार घेण्यात आला आहे.

विषय विवेचन :

१) पूर्वपीठिका : सिगारेट लायटरचे सॉकेट
मोटारीतून बाहेरच्या उपकरणाला वीज देण्याची सोय मुळात उपकरणांसाठी झालीच नव्हती. सिगारेट पेटविण्याचा विजेवरील लायटर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मोटारींत येऊ लागला. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकन मोटारी ६ व्होल्टवरून १२ व्होल्टकडे वळल्या आणि लायटरचे हेच सॉकेट हळूहळू विजेचे सार्वत्रिक ठिकाण बनले. लायटर काही क्षण दाबून धरण्यासाठी ते बनविलेले होते. त्यात तासन्‌तास अडकवून ठेवलेला चार्जर धक्क्यांनी सैल होणे स्वाभाविक होते. बोलीभाषेत ज्याला ‘लूज कॉन्टॅक्ट’ म्हटले जाते, त्याचा मोटारीतील उगम येथे सापडतो. एका कामासाठी तयार झालेली वस्तू दुसऱ्याच कामाला जुंपण्याची ही परंपरा यूएसबीच्या बाबतीतही पुढे चालू राहिली.

२) यूएसबी मानकाचा उदय
१९९० च्या दशकापर्यंत संगणकाला कळफलक, माउस, प्रिंटर जोडण्यासाठी निरनिराळी सॉकेट्स लागत असत. हा गोंधळ दूर करण्यासाठी कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या एकत्र आल्या व जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी १.० हे मानक प्रसिद्ध झाले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर अजय भट्ट हे इंटेलमध्ये या कार्याच्या अग्रभागी होते. प्लग दोन्ही बाजूंनी बसेल अशी रचना केली असती तर तारा व खर्च वाढला असता, असे स्पष्टीकरण त्यांनी नंतर दिले आहे. एप्रिल २००० मध्ये आलेल्या यूएसबी २.० मानकाने वेग सेकंदाला ४८० मेगाबिटपर्यंत नेला.

या मानकाची तीन वैशिष्ट्ये पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहेत. पहिले, वीजपुरवठा हा गौण हेतू होता. जोडलेल्या उपकरणाने प्रथम १०० मिलिॲम्पिअर घ्यावेत आणि ओळख पटल्यावर अधिकाधिक ५०० मिलिॲम्पिअर घ्यावेत, अशी मर्यादा होती. ५ व्होल्टच्या हिशेबाने ही शक्ती केवळ २.५ वॅट होते. दुसरे, जोडणीत एक बाजू यजमान आणि दुसरी बाजू उपकरण असे भूमिकांचे वाटप ठरलेले होते. तिसरे, प्लग जागेवर राहतो तो धातूच्या पट्ट्यांच्या घर्षणामुळे. त्याला खटका वा स्क्रू नाही. टेबलावर या तिन्ही गोष्टी पुरेशा होत्या. वाहनात त्या अपुऱ्या ठरल्या.

३) मोटारीत प्रवेश : संगीताकडून भ्रमणध्वनीकडे
जून २००४ मध्ये ॲपल आणि बीएमडब्ल्यू यांनी आयपॉड मोटारीला जोडण्याची सोय जाहीर केली. त्यात हातमोज्यांच्या कप्प्यातील केबलला आयपॉड जोडून तो स्टिअरिंगवरील बटणांनी चालविता येत असे. २००६ मध्ये फियाट कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने ‘ब्लू अँड मी’ ही यूएसबी पोर्ट असलेली प्रणाली आणली. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार होणारी व जानेवारी २००९ मध्ये भारतात दाखल झालेली फियाट लिनिया ही मोटार वरच्या श्रेणीत याच प्रणालीसह मिळत असे. फोर्डची ‘सिंक’ प्रणाली २००७ मध्ये बाजारात आली.

या टप्प्यातील पोर्ट प्रामुख्याने पेनड्राइव्हमधील गाणी वाजविण्यासाठी होते. गाणे वाजविताना संकेत क्षणभर खंडित झाला तरी मोटारीतील साठवणीमुळे तो श्रोत्याच्या लक्षात येत नसे. २०१४ नंतर हे चित्र बदलले. मार्च २०१४ मध्ये जिनिव्हा येथील मोटार प्रदर्शनात ‘कारप्ले’ आणि जून २०१४ मध्ये ‘अँड्रॉइड ऑटो’ जाहीर झाले. आता भ्रमणध्वनीचे चित्र, नकाशा, आवाज आणि स्पर्शाचे संकेत हे सर्व त्याच केबलमधून अखंड वाहू लागले. पोर्ट तेच राहिले, त्यावरील भार मात्र अनेक पटींनी वाढला. कारप्लेमध्ये तर यजमान व उपकरण या भूमिकांची अदलाबदल करावी लागते. जुन्या मोटारीत भ्रमणध्वनी चार्ज होऊनही पडद्यावर का येत नाही, याचे उत्तर या बदलात आहे.

४) बिघाडांची कारणमीमांसा
अ) विजेची मर्यादा : नकाशा चालू असताना पडदा, उपग्रह संकेत आणि इंटरनेट ही तिन्ही कामे एकाच वेळी चालतात. २.५ वॅटच्या पोर्टवर अशा वेळी भ्रमणध्वनीची बॅटरी जोडलेली असतानाही उतरते. चार्जिंगसाठीचे स्वतंत्र मानक २००७ मध्ये आले व त्यानंतर १.५ ॲम्पिअरचा मार्ग खुला झाला. तथापि, अनेक मोटारींतील पोर्ट आधीच्याच मर्यादेत राहिले. शिवाय इंजिन सुरू करताना बॅटरीचे व्होल्टेज क्षणभर खाली येते आणि ते पुरेसे न सावरल्यास जोडणी तुटून पुन्हा सुरू होते.

आ) केबल : केबलमधील तार जितकी बारीक आणि लांब, तितकी व्होल्टेजची घट अधिक. २८ गेज तारेच्या २ मीटर केबलमधून १ ॲम्पिअर प्रवाह गेल्यास जाण्यायेण्याच्या मार्गात सुमारे ०.८५ व्होल्ट खर्च होतात, तर २४ गेजच्या तारेत सुमारे ०.३४ व्होल्ट. म्हणजेच ५ व्होल्टपैकी पहिल्या केबलच्या टोकाशी सुमारे ४.१५ व्होल्टच उरतात. काही स्वस्त केबलमध्ये माहिती वाहून नेणाऱ्या दोन तारा मुळीच नसतात. अशी केबल केवळ चार्जिंग करते. सी प्रकारची जोडणी ऑगस्ट २०१४ मध्ये निश्चित झाल्यानंतरही हा प्रश्न सुटला नाही. गूगलमधील अभियंता बेन्सन लिअंग यांनी २०१५ पासून बाजारातील केबल तपासून त्यांतील चुकीचे रोधक उघडकीस आणले. २०१६ मध्ये एका सदोष केबलने त्यांचा संगणकच निकामी केला. अभियंत्याची ही अवस्था असेल तर सामान्य ग्राहकाने दुकानात केबल पारखावी तरी कशी, हा प्रश्न उपस्थित होतो.

इ) झीज : मूळ ए प्रकारच्या प्लगची अपेक्षित मर्यादा १,५०० वेळा काढणे-घालणे एवढी आहे. मायक्रो व सी प्रकारात ती १०,००० आहे. दिवसातून ४ वेळा केबल काढणाऱ्या चालकाच्या बाबतीत १,५०० ही संख्या ३७५ दिवसांत, म्हणजे वर्षाहून थोड्याच अधिक काळात पूर्ण होते. त्यात खड्डे आणि धूळ यांची भर पडते.

ई) सुरक्षेचे उपाय : परक्या पोर्टमधून माहिती चोरीला जाऊ नये म्हणून २०१५ च्या अँड्रॉइड ६.० मध्ये केबल जोडताच ‘फक्त चार्जिंग’ हा पर्याय आपोआप निवडला जाऊ लागला. जुलै २०१८ मध्ये ॲपलने कुलूपबंद आयफोनची माहितीची वाट एका तासानंतर बंद करण्याची सोय आणली. दोन्ही निर्णय योग्यच होते. परंतु मोटारीत बसलेल्या व्यक्तीला त्यांचा परिणाम बिघाडासारखाच जाणवतो.

उ) आयुर्मानातील तफावत : मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. २०१० मध्ये नोंदलेल्या मोटारीने २०२५ पर्यंतच्या एकाच नोंदणीकाळात ॲपलची ३० पिनांची जोडणी, मायक्रो यूएसबी, २०१२ चे लायटनिंग आणि सी प्रकार अशी चार रूपे पाहिली. भ्रमणध्वनीची प्रणाली दरवर्षी नवी होते, मोटारीतील प्रणाली मात्र बहुधा विक्रीच्या दिवशी जशी होती तशीच राहते. सर्व कारणांमध्ये हे कारण सर्वाधिक मूलभूत होय.

५) बिघाड शोधण्याची पद्धती
दुरुस्ती करणाऱ्यांत रूढ असलेली पद्धत एकाच तत्त्वावर उभी आहे, ते म्हणजे एका वेळी एकच घटक बदलणे. केबल, भ्रमणध्वनी आणि पोर्ट हे तिन्ही एकाच वेळी बदलल्यास जोडणी सुरू होते, परंतु दोष कशात होता हे कळत नाही.

प्रथम चार्जिंगचा दोष आणि माहितीचा दोष वेगळे करावे लागतात. चार्जिंगही होत नसल्यास फ्यूज, पोर्ट किंवा विजेची तार संशयित ठरते. चार्जिंग होत असून पडद्यावर काही न आल्यास माहितीच्या तारा, पोर्टचा प्रकार किंवा प्रणाली यांकडे वळावे लागते. त्यानंतर माहिती वाहून नेणारी, आखूड व चांगली केबल लावून पाहिली जाते. ती मध्ये हब अथवा जोडकेबल न घालता थेट जोडणे आवश्यक असते. नंतर भ्रमणध्वनीच्या पोर्टमध्ये साचलेला कापसासारखा कचरा, यंत्र बंद करून, लाकडी काडीने हळुवार काढला जातो. खिशातील धाग्यांमुळे प्लग पूर्ण आत जात नाही, हे कारण क्षुल्लक वाटले तरी वारंवार आढळते. पुढची पायरी पोर्टची आहे. अनेक मोटारींत एकच पोर्ट पडद्याशी जोडलेले असते आणि मागील आसनाजवळचे पोर्ट केवळ चार्जिंगसाठी असतात. त्यानंतर भ्रमणध्वनीचे कुलूप उघडून यूएसबीचा पर्याय तपासणे, दोन्हीकडील जुनी नोंद पुसून नव्याने जोडणे आणि मोटारीच्या पडद्याची प्रणाली अद्ययावत करणे, असा क्रम येतो. पोर्टपासून पडद्यापर्यंतची डॅशबोर्डमागील केबल सर्वांत शेवटी तपासली जाते, कारण ती उघडणे खर्चिक असते. हा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जाणारा आहे. म्हणूनच सामान्य वाहनधारकाच्या दृष्टीने तो न्याय्य ठरतो.

या ठिकाणी सुरक्षिततेचा मुद्दाही लक्षात घ्यावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४ मध्ये वाहन चालविताना हातातील संपर्क उपकरणाचा वापर धोकादायक वाहनचालनात स्पष्टपणे समाविष्ट करण्यात आला. जोडणी सुरळीत असताना चालकाला भ्रमणध्वनी हातात घ्यावा लागत नाही. ती तुटताच तो केबलकडे हात नेतो. अर्थात, अशा प्रसंगी वाहन थांबविण्याची जबाबदारी चालकाचीच आहे. मात्र तो प्रसंग ओढवण्यास कारणीभूत ठरणाऱ्या रचनेची जबाबदारी निर्मात्याला टाळता येत नाही.

६) एकरूपतेचे प्रयत्न
युरोपात समान चार्जरविषयी २००९ मध्ये उत्पादकांचा ऐच्छिक करार झाला. तो अपुरा ठरल्यानंतर २०२२ मध्ये निर्देश संमत होऊन २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या भ्रमणध्वनींना सी प्रकारची जोडणी बंधनकारक झाली. त्यापूर्वीच २०२३ मध्ये ॲपलने आयफोन १५ मध्ये ती स्वीकारली होती. भारतीय मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये सी प्रकारच्या जोडणीचे भारतीय मानक जाहीर केले. दुसरीकडे, कारप्ले २०१५ पासून आणि अँड्रॉइड ऑटो २०१८ पासून बिनतारी मार्गानेही उपलब्ध झाले. तथापि, बिनतारी जोडणीतही चार्जिंगसाठी अनेकदा केबल लागते, आणि रस्त्यावर धावणाऱ्या असंख्य जुन्या मोटारींना हे मानक लागू होत नाही.

निष्कर्ष :
१) यूएसबी मानक टेबलावरील संगणकासाठी निर्माण झाले. वाहनातील धक्के, उष्णता आणि व्होल्टेजचे चढउतार हे त्याच्या मूळ हेतूत नव्हते.
२) २०१४ नंतर पोर्टवरील कामाचा भार वाढला, परंतु आधी विकल्या गेलेल्या मोटारींतील रचना तीच राहिली.
३) माहितीच्या सुरक्षेसाठी केलेले काही उपाय वापरकर्त्याला बिघाड म्हणून जाणवतात.
४) मोटार व भ्रमणध्वनी यांच्या आयुर्मानातील तफावत हे जोडणी बेभरवशाची होण्याचे मूलभूत कारण आहे. त्यामुळे मांडलेले गृहीतक सिद्ध होते.
५) एका वेळी एकच घटक बदलण्याची पद्धत हीच बिघाड शोधण्याची सर्वांत विश्वासार्ह व कमी खर्चाची पद्धत ठरते.

समारोप :
‘केबल बदलून पाहा’ हा सल्ला बहुतेक वेळा उपयोगी पडतो, परंतु तो पूर्ण उत्तर नाही. मोटार विकताना कोणते पोर्ट माहितीचे आणि कोणते केवळ चार्जिंगचे, त्याची विद्युतक्षमता किती आणि प्रणाली किती वर्षे अद्ययावत केली जाईल, हे ग्राहकास लेखी सांगितले गेले तर निम्मा गोंधळ दूर होऊ शकेल. डॅशबोर्डमधील पोर्ट इंजिनाप्रमाणेच दुरुस्त करण्याजोगे व बदलण्याजोगे असणे ही काळाची गरज आहे. पंधरा वर्षे चालणाऱ्या वाहनात दोन-तीन वर्षांत बदलणारे साधन बसवायचे असेल, तर त्या दोहोंमधील सांधा मजबूत ठेवण्याचे दायित्व केवळ चालकावर टाकता येणार नाही, हेच या अभ्यासातून अधोरेखित होते.