दुमजली बसचा जिना आणि हृदयविकाराचे कोडे

१/ दुसरे महायुद्ध संपले आणि ब्रिटनमधील डॉक्टरांपुढे एक नवे कोडे उभे राहिले. ऐन चाळिशी-पन्नाशीतील पुरुष हृदयविकाराच्या झटक्याने दगावू लागले होते आणि त्याचे कारण ठामपणे कुणालाच सांगता येत नव्हते. झटक्यातून बचावलेल्या रुग्णाला त्या काळी कित्येक आठवडे अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला मिळत असे. विश्रांती हेच औषध मानले जाई.

२/ हे कोडे हाती घेतले जेरी मॉरिस यांनी. जन्म १९१० चा, बालपण ग्लासगोत गरिबीत गेलेले. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या सामाजिक वैद्यक संशोधन विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. या रोगाचा माणसाच्या कामधंद्याशी काही संबंध असावा, असा त्यांचा कयास होता. म्हणून त्यांनी निरनिराळ्या व्यवसायांतील आजारपणाच्या आणि मृत्यूच्या नोंदी जमवण्यास आरंभ केला.

३/ त्यांपैकी लंडनच्या बसगाड्यांनी त्यांना नेमका धागा दिला. प्रत्येक दुमजली बसवर दोन माणसे असत. चालक दिवसभर आसनावर बसून राही; वाहक तिकिटे देत जिन्यावरून सतत वरखाली करी. वाहकाच्या एका दिवसाच्या पायऱ्या मोजल्या, तेव्हा त्या ५०० ते ७५० च्या घरात भरल्या. मालक एक, बस एक, सामाजिक स्तरही जवळपास एकच. ठळक भेद होता तो शरीराच्या हालचालीचा.

४/ ३५ ते ६४ वयोगटातील सुमारे ३१,००० वाहतूक कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. ज्यांना तो झाला त्यांनाही उतारवयात झाला, आणि झटक्यानंतर लगेच दगावण्याचे प्रमाण चालकांच्या तुलनेत बरेच कमी होते.

५/ तरीही मॉरिस यांनी निष्कर्षाची घाई केली नाही. चालकाच्या माथी वाहतुकीचा ताण असतो. फरक त्यामुळेही पडला असेल. म्हणून ते टपाल खात्याच्या आकडेवारीसाठी थांबले. पायी किंवा सायकलवरून पत्रे वाटणारे पोस्टमन आणि त्याच खात्यातील बैठे कारकून यांच्यातही तोच फरक दिसला, तेव्हा १९५३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

६/ आक्षेप आलेच. मुळात स्थूल माणसेच चालकाची नोकरी पत्करत असतील तर? उत्तरासाठी मॉरिस आणि त्यांचे सहकारी एका अनपेक्षित साधनाकडे वळले: गणवेशाच्या मापांची नोंद. विजारींच्या कमरेची मापे पाहता चालक खरोखरच अधिक स्थूल निघाले, अगदी तरुण वयापासून. म्हणजे आक्षेपात तथ्य होते. पण पुढील तपासात सडपातळ, मध्यम आणि स्थूल अशा तिन्ही गटांत चालकांनाच अधिक धोका असल्याचे दिसले. केवळ कमरेच्या घेराने कोडे सुटत नव्हते.

७/ इतिहासाच्या अभ्यासकाने इथे क्षणभर थांबावे. शिंप्याच्या सोयीसाठी टिपलेली मापे हृदयविकाराच्या संशोधनात साक्षीला उभी राहिली. नोंद करणाऱ्याच्या मनात जे कधीही नव्हते, ते त्या नोंदीतून वाचता येते. दप्तरखान्यातले कोणते कागद टाकाऊ, हे ठरवताना म्हणूनच दहादा विचार करावा लागतो.

८/ काळ पालटला, कामे अधिकाधिक बैठी झाली. तेव्हा मॉरिस यांनी प्रश्नही बदलला: कामात श्रम नसतील तर फावल्या वेळचा व्यायाम उपयोगी पडतो का? १९६८ ते १९७० या काळात सुमारे १७,००० सरकारी कर्मचाऱ्यांकडून त्यांनी शुक्रवार-शनिवारचा दिनक्रम लिहून घेतला. १९७३ चा निष्कर्ष असा की, दमछाक होईल असा व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे एक तृतीयांश होता.

९/ मॉरिस स्वतः नव्वदी ओलांडल्यावरही व्यायाम करत राहिले. २००९ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या वाहकांनी त्यांना ही दिशा दाखवली, त्यांतील कुणीही आरोग्यासाठी जिना चढला नव्हता. ते त्यांचे पोटापाण्याचे काम होते. आज बहुतेकांच्या कामात तो जिना उरलेला नाही. तो आता आपणहून शोधावा लागतो. (समाप्त)