मार्काची मांडणी : शुभवर्तमान या वाङ्मयप्रकाराची कुळकथा

ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या नव्या करारात चार शुभवर्तमाने ज्या क्रमाने छापली जातात, त्या क्रमात मत्तयाचे पहिले आणि मार्काचे दुसरे येते. आणि या क्रमामुळेच असेल, किंवा मत्तयाच्या ग्रंथातील उपदेशाच्या विपुलतेमुळे असेल, मार्काच्या सोळा अध्यायांच्या लहानशा ग्रंथाकडे पंडितांचे लक्ष शतकानुशतके फारसे गेले नाही. इ. स. ४००च्या सुमारास संत ऑगस्टीन यांनी मार्काला मत्तयाच्या मागून जाणारा आणि त्याचा संक्षेप करणारा ठरविले, आणि हा निवाडा जवळजवळ चौदाशे वर्षे अबाधित राहिला. १८३५ साली कार्ल लाखमान या जर्मन पंडिताने मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही ग्रंथांतील प्रसंगांचा अनुक्रम शेजारी शेजारी ठेवून तपासला, तेव्हा त्याला असे आढळले की मत्तय आणि लूक हे जोवर मार्काच्या अनुक्रमाने चालतात तोवरच त्यांचे परस्परांशी जुळते, आणि मार्काची वाट सोडताच ते एकमेकांपासूनही दूर जातात. या निरीक्षणातून १८३८मध्ये व्हाइसे याने आणि १८६३मध्ये होल्ट्झमान याने पुढचा निष्कर्ष काढला : ज्याला आजवर नक्कल समजत होते तीच मूळ प्रत होती. आज बहुसंख्य अभ्यासकांना हे मत मान्य आहे. म्हणून शुभवर्तमान या वाङ्मयप्रकाराचे कुळ शोधू जाणाऱ्याला अखेर मार्काच्याच दाराशी येऊन उभे राहावे लागते.

मार्काच्या आधी काय होते? लिखित स्वरूपात आपल्यापर्यंत पोहोचलेली सर्वांत जुनी ख्रिस्ती कागदपत्रे म्हणजे पौलाची पत्रे. ती येशूच्या मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांनी, म्हणजे पहिल्या शतकाच्या सहाव्या दशकाच्या आसपास लिहिली गेली. पण या पत्रांत येशूच्या चरित्राचा मजकूर शोधावा तर हाती लागते ते अगदी थोडके : तो स्त्रीपासून जन्मला, धरला गेला त्या रात्री त्याने भाकर मोडली, तो वधस्तंभावर मेला, पुरला गेला, पुन्हा उठला आणि अमुक अमुक लोकांना दिसला. गालीलच्या सरोवराचे नाव नाही, एक दृष्टांतकथा नाही, एकाही आंधळ्या-पांगळ्याचा उल्लेख नाही. या सर्व आठवणी त्या काळी होत्याच, परंतु त्या लोकांच्या तोंडी होत्या, आणि त्याही सुट्या सुट्या : कुठे एक वाद, कुठे एक दृष्टांत, कुठे एका रोग्याची हकीकत, बहुधा स्थळकाळाचा पत्ता नसलेली. कार्ल लुडविग श्मिट याने १९१९मध्ये दाखवून दिले की मार्काच्या ग्रंथात या तुकड्यांना जोडणारे सांधे किती सैल आहेत, आणि ते सांधे काढले तर प्रत्येक तुकडा स्वतःच्या पायावर कसा उभा राहतो.

याला एकच मोठा अपवाद आहे, तो येशूच्या अखेरच्या दिवसांच्या वृत्तांताचा. तेथे मात्र दिवस मोजलेले आहेत, रात्रीचे प्रहर मोजलेले आहेत, वधस्तंभावरील घटकाही मोजलेल्या आहेत; तेथील एक प्रसंग उचलून दुसरीकडे ठेवावा म्हटले तर साधत नाही. यावरून असा तर्क निघतो की मरणाची कथा आधी सलग झाली, आणि जीवनाची कथा तिच्या मागे जोडत नेली गेली. मार्टिन केहलर याने १८९२मध्ये शुभवर्तमानांना दीर्घ प्रस्तावना असलेले दुःखभोगाचे वृत्तांत म्हटले, ते मार्काच्या बाबतीत सर्वाधिक खरे आहे. गुन्हेगाराच्या मरणाने मेलेला मनुष्य ईश्वराचा अभिषिक्त कसा, हा त्या पिढीपुढचा जिव्हारी लागणारा प्रश्न होता. पौलाने त्याचे उत्तर युक्तिवादाने दिले. मार्काने ते कथेने दिले, आणि माझ्या मते शुभवर्तमानाची खरी जन्मवेळ हीच.

हा मार्क कोण, हे ग्रंथात कोठेही लिहिलेले नाही. ग्रंथाला नाव मागाहून जोडले गेले. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील हिएरापोलिसचा धर्माध्यक्ष पापियास याची साक्ष चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस याने नोंदून ठेवली आहे. तिचा आशय असा की मार्क हा पेत्राचा दुभाषा होता आणि पेत्राला आठवले ते त्याने बिनचूक लिहिले, मात्र अनुक्रमाने लिहिले नाही. परंपरेने या ग्रंथाचे लेखनस्थळ रोम मानले आहे. ग्रंथातील अंतर्गत पुरावा त्या तर्काला प्रतिकूल नाही : गरीब विधवेने मंदिराच्या भांडारात टाकलेल्या दोन टोल्यांची किंमत मार्क रोमन नाण्यात सांगतो, यहूद्यांचा हात धुण्याचा आचार तो परक्याला समजावा तसा उलगडतो, येशूच्या तोंडचे अरामी शब्द जसेच्या तसे ठेवून लगेच त्यांचा तर्जुमा देतो. उलट, वधस्तंभ वाहण्यासाठी वेठीस धरलेल्या कुरेनेकर शिमोनाला तो अलेक्झांद्र आणि रूफ यांचा बाप म्हणतो, आणि हे दोघे कोण ते सांगण्याची त्याला गरज वाटत नाही. जणू पहिल्या श्रोत्यांपैकी काहींनी त्या दोन भावांना पाहिलेले असावे.

लेखनकाल इ. स. ७०च्या अलीकडे-पलीकडे धरतात. इ. स. ६४मध्ये रोम जळाल्यावर नीरोने तेथील ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला. ६६मध्ये यहूद्यांनी रोमन अमलाविरुद्ध उठाव केला. ७०मध्ये तीतसच्या फौजेने यरुशलेम घेऊन मंदिर जाळले. प्रत्यक्ष पाहिलेली पिढी सरत होती, आणि तोंडी साक्ष देणारेच नाहीसे होऊ लागले म्हणजे दस्तऐवज करून ठेवण्याची निकड समाजाला भासते. साचा शोधण्यास मात्र मार्काला फार लांब जावे लागले नाही. या वाङ्मयप्रकाराचे पितृकुळ आणि मातृकुळ दोन्ही सांगता येतात : एकीकडे ग्रीक-रोमन जगातील थोर पुरुषांची चरित्रे, ज्यांच्याशी शुभवर्तमानांचे असलेले साम्य रिचर्ड बरिज यांनी १९९२मध्ये तपशिलाने दाखविले, आणि दुसरीकडे इब्री धर्मग्रंथातील एलीया-अलीशा या संदेष्ट्यांच्या कथा. मार्काने बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला उंटाच्या केसांचे वस्त्र आणि कमरेला कातड्याचा पट्टा दिला, तेव्हा इब्री शास्त्र जाणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एलीया उभा राहिल्याशिवाय राहिला नसेल.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. ग्रंथात जन्मकथा नाही, वंशावळ नाही, बालपण नाही. यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन वर येणाऱ्या येशूला आकाश फाटलेले दिसते, आणि तेथून कथा धावू लागते. देवाचे राज्य जवळ आले आहे, ही एकच घोषणा. आणि पाठोपाठ रोगनिवारण, भूतनिरसन, शास्त्र्यांशी वाद, सरोवरातील वादळ. वाक्यामागून वाक्य ‘आणि’ने जोडलेले, प्रसंगामागून प्रसंग ‘लगेच’ने सुरू झालेला, भूतकाळातील घटना सांगता सांगता क्रियापद एकदम वर्तमानकाळात येते. ही ग्रीक भाषा प्रौढ नव्हे. ती बाजारात आणि बंदरावर बोलली जाणारी भाषा आहे, आणि तिच्यात ऐकणाऱ्याला धरून ठेवण्याचे सामर्थ्य आहे.

या धावत्या कथनात मार्काची एक लकब वारंवार दिसते : एक कथा अर्धी सांगून तो तीत दुसरी घालतो आणि मग पहिलीकडे परततो. सभास्थानाचा अधिकारी याईर आपल्या मरणोन्मुख मुलीसाठी येशूच्या पाया पडतो, येशू निघतो, वाटेत गर्दीतून एक स्त्री मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते. ती बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली, वैद्यांपायी सर्वस्व गमावलेली, धर्मनियमाने अशुद्ध, आणि म्हणून माणसांतून उठलेली. येशू थांबतो, कोण शिवले म्हणून विचारतो, तिला मुलगी म्हणून हाक मारतो; आणि याईर उभा आहे, एकेक क्षण त्याच्या लेकीच्या जिवावर उठलेला आहे. तेवढ्यात घरून निरोप येतो की मुलगी गेली. मग येशू तिच्या उशाशी जाऊन तिला उठवतो, आणि तेव्हा मार्क सांगतो की ती मुलगी बारा वर्षांची होती. प्रतिष्ठिताची लेक आणि बहिष्कृत स्त्री यांना एका अंकाने बांधून टाकणारा हा लेखक केवळ आठवणींचा संग्राहक नव्हता.

दुसरे लक्षण म्हणजे गुप्ततेचे. भुते येशूला ओळखतात आणि तो त्यांना गप्प करतो. बरे झालेल्यांना कोठे वाच्यता न करण्याची ताकीद देतो. आणि जे शिष्य अष्टौप्रहर बरोबर आहेत त्यांनाच काही उमगत नाही. विल्यम व्रेडे याने १९०१मध्ये या गूढावर ग्रंथ लिहिला आणि ही गुप्तता इतिहासातील नसून धर्मविचारातून आलेली आहे असे प्रतिपादन केले. तो वाद अद्याप मिटलेला नाही. मांडणीच्या दृष्टीने पाहता मला इतके निश्चित वाटते की मार्काला येशूची ओळख चमत्कारांच्या बळावर पटू द्यायची नव्हती. ती पटण्याचे स्थळ त्याने राखून ठेवले होते.

ग्रंथाच्या मध्यभागी, आठव्या अध्यायात, बेथसैदाच्या आंधळ्याची हकीकत येते. येशू त्याला हाताला धरून गावाबाहेर नेतो, डोळ्यांवर थुंकी लावून हात ठेवतो आणि काही दिसते का म्हणून विचारतो. तो सांगतो की माणसे दिसतात, पण झाडे चालावीत तशी. मग येशू पुन्हा हात ठेवतो, आणि आता त्याला स्वच्छ दिसू लागते. साऱ्या शुभवर्तमानांत दोन टप्प्यांनी झालेले असे हे एकच रोगनिवारण. याच्या लगेच पुढे, फिलिप्पाच्या कैसरियाच्या वाटेवर, येशू शिष्यांना विचारतो की तुम्ही मला कोण म्हणता, आणि पेत्र त्याला ख्रिस्त म्हणतो. उत्तर बरोबर आहे. पण मनुष्याच्या पुत्राने दुःख भोगावे आणि मारले जावे हे येशू सांगू लागताच तोच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावू लागतो. त्यालाही अजून झाडेच चालताना दिसत आहेत. पुढे दहाव्या अध्यायाच्या अखेरीपर्यंत येशू आपल्या मरणाचे भाकीत तीनदा करतो, आणि तिन्ही वेळा शिष्य भलत्याच विवंचनेत असतात : एकदा पेत्राची ही दटावणी, एकदा आपल्यांत मोठा कोण हा तंटा, एकदा याकोब आणि योहान यांची उजव्या-डाव्या हाताच्या आसनांसाठी अर्जी. तिन्ही वेळा येशू त्यांना उलटी वाट शिकवतो, आणि अखेरीस सांगतो की थोर व्हायचे त्याने सेवक व्हावे, आणि आपण आलो ते सेवा करून घेण्यास नव्हे तर पुष्कळांच्या मुक्तीसाठी जीव देण्यास. या भागाच्या शेवटी पुन्हा एक आंधळा : यरीहोचा भिकारी बार्तीमय. त्याला एकाच शब्दात दृष्टी येते, आणि तो यरुशलेमच्या वाटेने येशूच्या मागे चालू लागतो. दोन आंधळ्यांच्या मध्ये न पाहणाऱ्या शिष्यांना बसविणे हा योगायोग मानणे मला अशक्य वाटते. पापियासने क्रम नाही म्हणून सांगितले ते कालक्रमाविषयी खरे असेल, पण अर्थाचा क्रम मार्काकडे पुरेपूर आहे.

उरलेले सहा अध्याय, म्हणजे ग्रंथाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग, यरुशलेमातील एका आठवड्यालाच दिलेला आहे. येथे कथेची चाल मंदावते. आतापर्यंत हुकूम सोडणारा येशू धरला गेल्यावर बहुतेक गप्प आहे. करणारे दुसरे आहेत आणि तो सोसणारा आहे. एकजण विकतो, बाकीचे पळतात, पेत्र अंगणात शेकोटीशी बसून नाकारतो, आणि त्याच वेळी आत येशू आपण कोण हे प्रथमच उघड कबूल करतो. मरणसमयी देवानेही आपल्याला टाकले असे तो मोठ्याने ओरडतो. मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो, यार्देनवर आकाश फाटले होते तसा. आणि समोर उभा असलेला रोमन शताधिपती, वधाची अंमलबजावणी करणारा अंमलदार, त्याला देवाचा पुत्र म्हणतो. अख्ख्या ग्रंथात हे शब्द शुद्धीवर असलेल्या मनुष्याच्या तोंडून येथेच प्रथम येतात. राखून ठेवलेले स्थळ ते हे.

शेवटाचा प्रश्न विकट आहे. व्हॅटिकन आणि सिनाई येथील चौथ्या शतकातील दोन प्रख्यात हस्तलिखितांत ग्रंथ सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर संपतो : कबरेशी आलेल्या स्त्रिया पुनरुत्थानाची वार्ता ऐकून थरथरत पळतात आणि भयामुळे कोणाला काही सांगत नाहीत. असा शेवट पुढच्या वाचकांना अपुरा वाटला, आणि नवव्यापासून विसाव्यापर्यंतची वचने जोडली गेली; इ. स. १८०च्या सुमारास आयरेनियसला ती ठाऊक होती, म्हणजे जोड बरीच जुनी. कोणी म्हणतात अखेरचे पान गहाळ झाले. मला तसे वाटत नाही. ज्याने शिष्यांचे न समजणे इतक्या निर्भीडपणे आठ-दहा अध्याय रंगविले, त्याने ती वार्ता सांगण्याचा भार श्रोत्यावर टाकून थांबणे त्याच्या स्वभावाला धरूनच आहे.

मार्काचा वंश लवकरच विस्तारला. मत्तयाने त्याचा जवळजवळ नऊ दशांश विषय उचलला, लुकाने सुमारे निम्मा. दोघांनी आरंभी जन्मकथा घातली, शेवटी दर्शने घातली, मधे उपदेशाची भर घातली आणि भाषा घासूनपुसून घेतली. बेथसैदाचा आंधळा मात्र दोघांनीही गाळला. चौथ्या शुभवर्तमानाच्या योहानाने आपला स्वतंत्र मार्ग काढला. मग चार ग्रंथ असता एकच का नको, असा विचार येणे स्वाभाविक होते. इ. स. १७०च्या सुमारास तातियानने चारही मिसळून एक सलग वृत्तांत तयार केला, आणि सिरियातील मंडळ्यांत तो इतका रुळला की पाचव्या शतकात धर्माध्यक्ष थिओडोरेटला आपल्या एका प्रांतातून त्याच्या दोनशेहून अधिक प्रती काढून घेऊन त्यांच्या जागी चार शुभवर्तमाने द्यावी लागली.

तातियानची ती ओढ पुढे मराठीतही अवतरली. १५७९मध्ये गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी साष्टीतील नवख्रिस्ती लोकांसाठी ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या दुसऱ्या पुराणात चारही शुभवर्तमानांतील येशू एका ओवीप्रवाहात वाहतो, आणि मराठी भाषेचे वैभव म्हणून त्या ग्रंथाचा मला नितांत अभिमान आहे. सुटी शुभवर्तमाने मराठी वाचकाला मिळण्यास मात्र आणखी जवळजवळ दोनशे वर्षे लागली : १८०५मध्ये बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठीत प्रथम बाहेर पडले ते मत्तयाचे. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात इब्री आणि ग्रीक मुळांवरून संपूर्ण बायबलाचा तर्जुमा केला, तेव्हा सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीचा त्यांनी आग्रह धरला. हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९२४मध्ये प्रसिद्ध झाला.