मासोळी तलावाची, आलू पाहुणा



मागच्या बैठकीत आपण मासोळी आणि आलू एकाच गंजात भाजले. खाता खाता एक ताई म्हणाल्या, "हे आपलं जेवण आहे का गं?" त्याचंच उत्तर आज देते.

मासोळी तर आपलीच. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने जंगल तोडून, पाळी बांधून तलाव केले. त्या तलावांनी धानाला पाणी दिलं आणि ढिवर बांधवांना मासोळी. पुढे तलाव मालगुजारांच्या हाती गेले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. तेव्हापासून ते 'माजी मालगुजारी', म्हणजेच आपले मामा तलाव.

आलू मात्र पाहुणा. त्याचं माहेर दक्षिण अमेरिकेत, पेरू देशाकडच्या डोंगरात. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि पुढे त्यांच्या व्यापारातून आलू भारतात आला. पुण्या-मुंबईकडचा 'बटाटा' हा शब्दही त्यांच्याच भाषेतला. त्यांच्या देशात मासा आणि बटाट्याच्या चकत्या आजही भट्टीत एकत्र भाजतात.

आपल्याकडे भट्टी कुठे? पण गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे आपणच भाजतो ना! रायगडकडे मडक्यात वालाच्या शेंगा आणि बटाटे भरून, भोवती जाळ करून पोपटी लावतात. तीही भट्टीच.

आपण केलं तेही तसंच. आलू शिजायला वेळ लागतो, मासोळी लवकर होते. म्हणून आधी आलू अर्धे उकडून त्यांच्या चकत्या तळाशी लावल्या. वर हळद, तिखट, मीठ, लसूण आणि चिंचेचा कोळ लावलेले रोहूचे तुकडे. थोडं जवसाचं तेल. झाकण लावून खाली-वर निखारे.

आता खरी गोष्ट. माझ्या माहेरी मासोळीचा रस्सा व्हायचा तेव्हा आई त्यात आलू घालायची, सगळ्यांना पुरावं म्हणून. आधी बाबा आणि भाऊ जेवायचे. आई शेवटी बसायची. तोवर गंजात रस्सा आणि आलूच उरलेले असायचे. मी लहान होते, मला वाटायचं आईला आलूच आवडतो.

आलू वाईट नाही, त्याने पोट भरतं. पण अंगाला बळ देणारी प्रथिनं मासोळीत जास्त. रोवणीत दिवसभर चिखलात वाकायचं आपण, आणि ताटात नुसता आलू?

त्या दिवशी बैठकीत आम्ही जणी बारा आणि तुकडेही मोजून बारा. झाकण उघडलं तेव्हा सगळ्या एकाच वेळी बसलो. एक आजी तुकडा हातात घेऊन म्हणाल्या, "गरम मासोळी पहिल्यांदा खाते गं."

म्हणून ताईंना माझं उत्तर असं: मासोळी आपली, आलू आता आपलाच झाला. शेवटी जेवायची रीत मात्र आपण सोडून देऊ. या आठवड्यात घरी मासोळी आणली तर तुकडे माणसं मोजून करा आणि त्यात स्वतःला मोजायला विसरू नका. पुढच्या बैठकीत प्रत्येकीला विचारणार आहे हं, तुझ्या ताटात तुकडा पडला का?