कोल्हापूरचा विद्यार्थी आणि त्याचें विद्यापीठ

विद्यार्थ्यानें आपलें विद्यापीठ स्वतः निवडावयाचें, ही कल्पना आपल्याकडे फारशी जुनी नाहीं. आज पदवी-परीक्षेचे निकाल लागण्याच्या सुमारास कोल्हापूर, पुणें, मुंबई, सोलापूर, नागपूर अशा पांच-सहा सार्वजनिक विद्यापीठांचीं नांवें कागदावर मांडून, कोठें अर्ज करावा व कोठें करूं नये, याचा खल घरोघर चाललेला दिसतो. परंतु ज्या कोल्हापुरांत हा खल चालतो, त्या कोल्हापुरास शंभर वर्षें असा खल करण्याचें कारणच पडलें नव्हतें. विद्यापीठ कोणतें हें नकाशा ठरवीत असे. विद्यार्थ्याच्या हातीं राहत असे ती फक्त कॉलेजाची निवड. हा मागचा इतिहास ध्यानांत घेतला, तर आजच्या निवडीचा विचार कोणत्या अंगानें करावा हें कांहींसें उमगेल, असें आम्हांस वाटतें.

मुंबई विद्यापीठ १८५७ च्या जुलैंत स्थापन झालें. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेणें व पदव्या देणें एवढेंच त्याचें मूळचें काम; शिकविण्याचा भार कॉलेजांवर. १८५९ सालीं त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली, तींत अवघे २१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते. रानड्यांचें बालपणींचें शिक्षण कोल्हापुरांत झालेलें. पण पुढच्या शिक्षणासाठीं मुंबईची वाट धरण्यावांचून त्यांस गत्यंतर नव्हतें, कारण कोल्हापुरांत त्या वेळीं कॉलेज असें नव्हतेंच. १८६२ सालीं विद्यापीठाचे जे पहिले पदवीधर बाहेर पडले त्यांत ते होते.

पुढें १८८० सालीं कोल्हापुरास राजाराम कॉलेज निघालें. दहा वर्षांपूर्वीं परदेशच्या प्रवासांत फ्लॉरेन्स येथें अकालीं निधन पावलेल्या राजाराम महाराजांचें नांव त्यास मिळालें. कॉलेज संस्थानचें, परंतु परीक्षा मुंबईची, अशी ही व्यवस्था होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं उच्च शिक्षणास आरंभ केला तो याच कॉलेजांत. पदवी मात्र त्यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून घेतली. या सर्वांचें विद्यापीठ एकच होतें. प्रश्न असे तो एवढाच कीं, शिकावयाचें कोठें, राहावयाचें कोणाकडे, आणि जेवणाखाण्याची सोय काय? मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली ती १८९१ सालीं. त्यापूर्वीं घाट उतरून वा चढून परगांवीं शिकावयास जाणें म्हणजे घरच्यांनीं मोठाच खर्च पत्करणें होय. आणि ज्याचे नातलग पुण्या-मुंबईस नाहींत, त्याला तेंही द्वार बंद.

हें बंद द्वार उघडण्याचें खरें काम विद्यापीठाच्या कोणत्याही कायद्यानें केलें नाहीं. तें केलें वसतिगृहांनीं. छत्रपति शाहू महाराजांनीं १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन केलें. पाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानलेले समाज अशा अनेकांचीं वसतिगृहें कोल्हापुरांत उभीं राहिलीं. खेड्यांतला शेतकऱ्याचा मुलगा शहरांत येऊन दोन वेळां जेवूं शकला, म्हणूनच तो राजाराम कॉलेजाच्या पायऱ्या चढूं शकला. आमच्या मतें कोल्हापूरच्या शिक्षणेतिहासांतील हें मर्म आहे. निवडीचें स्वातंत्र्य कागदावर कितीही दिलें, तरी राहण्या-जेवण्याची सोय नसेल तर तें वापरतां येत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर नकाशा हलला. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. याच सुमारास पुण्यास नवें विद्यापीठ उभें राहिलें व कोल्हापूरचीं कॉलेजें त्याकडे गेलीं. त्याच वर्षीं कर्नाटक विद्यापीठाचीही स्थापना झाली आणि बेळगांवकडील मराठी विद्यार्थ्याचें तोंड धारवाडकडे वळलें. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगांव जिल्ह्यांत होता. राज्यपुनर्रचनेंत तो कोल्हापूरकडे आला. तेथील विद्यार्थ्याचें घर होतें तेथेंच राहिलें. बदलला तो जिल्हा, आणि जिल्ह्याबरोबर विद्यापीठही. निपाणीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. निपाणी गांव कर्नाटकांत. परंतु गांवालगतचें देवचंद कॉलेज अर्जुननगर येथें, म्हणजे कागल तालुक्यांत, महाराष्ट्राच्या हद्दींत. सीमेवरच्या मुलास कॉलेजाचें फाटक ओलांडतांच दुसऱ्या राज्याचें विद्यापीठ लाभतें!

कोल्हापुरास स्वतःचें विद्यापीठ असावें ही कल्पना राजाराम कॉलेजाचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनीं स्वातंत्र्यापूर्वींच मांडली होती. ती साकार झाली १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं. राष्ट्रपति डॉ. राधाकृष्णन् यांच्या हस्तें शिवाजी विद्यापीठाचें उद्घाटन झालें. इतिहासाचे व्यासंगी डॉ. आप्पासाहेब पवार हे पहिले कुलगुरु झाले. सोलापूर व रत्नागिरीही आरंभीं या विद्यापीठाच्या क्षेत्रांत होतीं. पुढें कोंकण मुंबईकडे गेला, २००४ सालीं सोलापुरास वेगळें विद्यापीठ झालें, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे राहिले. आप्पासाहेबांनीं ताराबाईच्या काळांतील कागदपत्रें संपादून विद्यापीठामार्फत प्रसिद्ध केलीं, ही गोष्ट आम्हांस केवळ अभिमानाची वाटत नाहीं. विद्यापीठानें आपल्या भूमीचें असें कांहीं ज्ञान सांभाळावें, कीं त्यासाठीं दुसऱ्या प्रांतांतला विद्यार्थी येथें यावा, याचा तो उत्तम नमुना आहे.

आतां आजच्या निवडीकडे वळूं. याविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एक म्हणतें, घरचें विद्यापीठ आहे तर बाहेर कशाला? दुसरें म्हणतें, ज्याला पुढें जावयाचें त्यानें कोल्हापूर सोडलेंच पाहिजे. पहिल्या मतांत जुन्या हद्दीची संवय आहे, दुसऱ्यांत मोठ्या शहराच्या नांवाची भुरळ. दोन्ही मतांचे लोक विषय कोणता हें मात्र विचारीत नाहींत. केंद्र सरकारची क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होते, व २०२४ पासून राज्य सार्वजनिक विद्यापीठांची तींत निराळी यादी असते. ती पाहावी, परंतु संपूर्ण विद्यापीठाचा क्रमांक हा एका विषयाच्या विभागाचा क्रमांक नव्हे, हें विसरूं नये.

म्हणून अर्ज करण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें तीन गोष्टी विचाराव्या. पहिली, आपला विषय तेथें प्रत्यक्ष कोण शिकवितो. अध्यापकांच्या जागा भरलेल्या आहेत कीं रिकाम्या? दुसरी, त्या विषयाचें साहित्य तेथें आहे काय? मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणारास पुण्याचें पेशवे दप्तर खुणावील. पण करवीर राज्याचा अभ्यास करणारानें कोल्हापूरचे कागद सोडून जाणें म्हणजे विहीर सोडून घागर घेऊन फिरणें होय. तिसरी गोष्ट सर्वांत साधी, आणि तीच बहुधा शेवटीं विचारली जाते: वसतिगृहांत जागा मिळेल काय, व महिन्याचा खर्च किती?

या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर एकट्या विद्यार्थ्याच्या हातीं नाहीं. प्रत्येक अर्जास शुल्क पडतें, प्रवेशपरीक्षेस प्रवास पडतो, आणि प्रवेश मिळाला तरी परक्या शहरांत खोलीचें भाडें पडतें. ज्याच्या घरीं हें झेपतें त्याला आज पांच विद्यापीठें आहेत. ज्याला झेपत नाहीं त्याला, हद्दी पुसट झाल्या तरी, अजून एकच आहे. विद्यापीठांनीं आपल्या जाहिरातींत अभ्यासक्रमांच्या नांवांबरोबर वसतिगृहांतील जागांची संख्याही ठळक अक्षरांत छापावी, आणि शासनानें ती संख्या वाढवावी. १९०१ सालीं एका संस्थानास जें कळलें व साधलें, तें आजच्या राज्यास अवघड वाटूं नये.